चीनला गेलेला खाका

"दिगंबर, मी गेलो केव्हा रे? मला कुणी कळवलं नाही," आप्पासाहेब म्हणाले आणि दिवाणखान्यात जमलेल्या दहा-बारा माणसांची तोंडं एकदम मिटली. मुंबईहून हमालांच्या खांद्यावरून घाट चढून आलेली पेटी नुकतीच उघडली होती. भाताच्या तुसात आणि पेंढ्यात गुंडाळलेलं काचेवरचं चित्र गड्यांनी भिंतीशी उभं केलं होतं. दोन हात उंच काच, तीवर दिगंबरपंत पूजेला बसलेले. अंगावर सोवळ्याचा रेशमी मुकटा, पुढ्यात ताम्हन, गालावर समईचा उजेड. चीन देशातल्या कँटन शहरात, पंतांना जन्मात न पाहिलेल्या कुणी तरी काढलेलं. आणि तरी पंत असे बसले होते की आता घंटा उचलतील. सगळे वाहवा करत होते. ऐंशीच्या घरातल्या आप्पासाहेबांनी चाळशी नाकावर चढवली, काचेशी वाकून पाहिलं आणि आपल्या मुलाला तो प्रश्न विचारला. मग बाकीच्यांना दिसलं. चित्रातल्या पंतांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. उजव्या खांद्यावर जानवं घ्यायचं ते पितरांना पाणी देताना, आणि ज्याचा बाप समोर चाळशी लावून उभा आहे त्यानं पितर कुठून आणायचे? पंतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मच्छिंद्र चिताऱ्याकडे पाहिलं, कारण या चित्राचा खाका त्यानं काढून दिला होता. "मच्छिंद्रा, हे काय?" "चिन्याला काय ठाऊक, सरकार?" मच्छिंद्र म्हणाला. "त्याच्या मुलखात जानवं असतं का? उलटं काढून बसला." हे वाक्य त्यानं रचलं नव्हतं. शिंक यावी तसं ते आलं, आणि आल्यावर परत घेता येईना.

त्याला ते आप्पासाहेबांच्या आधीच दिसलं होतं. पेंढा बाजूला झाला त्याच क्षणी चूक कुणाची तेही कळलं होतं. पंतांच्या घरातून निघून कसब्यातल्या आपल्या जिनगर आळीकडे चालताना वाटेत कुणी राम राम घातला, कुणी ओळखीचा हसला, यानं कुणाकडे पाहिलं नाही. काचेवरचं चित्र मागून रंगवतात आणि पुढून बघतात, म्हणून मागे जे डावं ते पुढे उजवं होतं. पुण्यात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, मच्छिंद्राला होती, आणि तिचीच त्याला मस्ती होती. पंधरा वर्षांपूर्वी एका सरदाराकडे पंखा घेतलेल्या चिनी बाईचं चित्र चिरलं, ते सांधायला याला बोलावलं होतं. यानं ते पालथं घातलं, कोपऱ्यातला रंग नखानं खरवडला आणि थक्क होऊन बसला. आपल्याकडे भिंतीवर आधी अंगाचा रंग भरतात, मग कपडे, मग दागिने, आणि डोळे सगळ्यात शेवटी उघडतात. तिथं सगळं उलट. डोळ्यातली चमक आधी, मग बुबुळ, मग पापणी, मग त्यावर गालाचा रंग, आणि शेवटी मागची भिंत. जे शेवटी करायचं ते आधी, आणि एकदा केलं की त्याला पुन्हा हात लावता येत नाही. रंगवणाऱ्याला आपण काढलेला चेहरा आपल्या बाजूनं दिसतही नाही, दिसतो तो रंगाचा राडा. त्या दिवसापासून कँटन हे नाव त्याच्या डोक्यात घर करून बसलं. पंतांच्या घरातल्या चिनी पेल्यांवर एक नदी होती, सात मजल्यांचा मनोरा होता, वाकडा पूल होता, पुलावर छत्री घेतलेला एक माणूस. तो पेला हातात आला की मच्छिंद्र पाणी प्यायचं विसरून त्या पुलावर उभा राहायचा.

म्हणून खाका पाठवायची वेळ आली तेव्हा यानं शहाणपणा केला. खाका म्हणजे कागदावर काढलेली आकृती, तिच्या रेघांवर सुईनं टोचलेली भोकं. कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटली की खाली ठिपके उठतात. मच्छिंद्रानं विचार केला, चिनी माणूस हा कागद काचेच्या पाठीवर तसाच ठेवील, ठिपके उठवील, आणि पुढून सगळं उलटं दिसेल. तेव्हा आपणच आधी उलटा खाका काढावा, म्हणजे काचेवर सुलटा होईल. त्या बिचाऱ्याची चूक आपण इथूनच दुरुस्त करून धाडतो आहोत, असं त्याला वाटलं होतं. ज्याचे आजे-पणजे काचेवर जगले त्याला कागद पालथा घालायचं सुचणार नाही, हे यानं कसबा पेठेत मांडी घालून ठरवून टाकलं. त्या माणसानं अर्थातच कागद पालथा घातला. त्याच्या दुकानात रोज घालतात तसा. जे दिलं ते काटेकोर उतरवलं, तिळाएवढी चूक न करता. आणि पुण्यात त्याची अक्कल निघाली.

पण एवढंच असतं तर मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी जाऊन पाय धरून आला असता. धरले असते की नाही कोण जाणे, निदान स्वतःला तो असं सांगू शकला असता. तीन वर्षांपूर्वी आळीतल्या संभाजीनं, याच्या चुलतभावानं, मुलाची मुंज लावली होती. जिनगरांना हा अधिकार कुणी दिला म्हणून बोभाटा झाला, शास्त्री बसले, आणि त्या मुलाच्या गळ्यातलं जानवं चारचौघांत कातरीनं कापलं. संभाजी त्यानंतर सहा महिने घराबाहेर पडला नाही. ज्या मंडळींनी निकालावर मान डोलावली त्यांत दिगंबरपंत होते. आता त्याच आळीतल्या माणसानं जाऊन सांगायचं, की सरकार, तुमचं जानवं उलट्या खांद्यावर मी काढलं, जाणूनबुजून काढलं, पण माझ्या मनात तसं काही नव्हतं. कोण ऐकून घेणार होतं? आणि खरं सांगायचं तर मनात काही नव्हतं का? हा प्रश्न घरी ओसरीवर बसल्यावर उठला आणि मग उठतच राहिला. खाका काढताना पंतांच्या उजव्या खांद्यावरून ती बारीक रेघ खाली ओढली तेव्हा त्याला हसू आलं होतं. अगदी थोडंसं, ओठाच्या कोपऱ्यात. कसलं होतं ते हसू? काम बिनचूक वठल्याचं, की संभाजीच्या मुलाचं उट्टं निघाल्याचं? तो स्वतःलाच खोदून विचारी आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीकडे बघे.

आठ दिवसांनी पंतांचं बोलावणं आलं. शिक्षा ऐकायची तयारी करूनच तो गेला. पंत पान लावत होते. "चिन्याला आपल्यातलं कोणी तरी शेजारी बसून सांगायला हवं," ते म्हणाले. "मला अजून बारा काचा करून घ्यायच्यात. दहा अवतारांच्या, एक आप्पांची, एक माझी पुन्हा. उद्या तो नरसिंहाला शेपूट काढेल. आम्ही काही समुद्र ओलांडत नाही. तू जा." मच्छिंद्राला आधी वाटलं, थट्टा चालली आहे. "कुठं, सरकार?" "काशीला," पंत म्हणाले. "अरे, कँटनला! या सालची जहाजं आता लागलीच निघतात, तुझ्या दस्तकाची, परवान्याची सोय व्हायची नाही. पुढच्या वैशाखात जा. तोवर तयारी कर." मच्छिंद्राचे पाय हलके झाले. जे आयुष्यात मागायची छाती झाली नसती ते एका खोट्या वाक्यानं आपणहून चालत आलं होतं. जोवर चूक चिन्याची तोवर याला कँटन. चूक याची ठरली तर एक सरळ खाका आणि चार ओळींचं पत्र पुरे, माणूस कशाला पाठवायचा? हे त्याला तिथंच, पंतांच्या बैठकीसमोर उभ्या उभ्या, स्वच्छ कळलं. त्यानं वाकून मुजरा केला.

मुक्तानं, त्याच्या बायकोनं, भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. ती मांजरी गावच्या मळेकऱ्याची मुलगी, पुण्यात येऊन वीस वर्षं झाली तरी तिची बोली नदीपलीकडचीच राहिली होती. "चीन म्हंजी लंकेच्या अलीकडं का पलीकडं?" तिनं विचारलं. "पलीकडं. पुष्कळ पलीकडं." "अन् तुमी तिथं जाऊन त्या मान्साला शिकवनार?" "चुका काढणार त्याच्या." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "चूक त्याचीच हाय न्हवं?" मच्छिंद्रानं पाण्याचा तांब्या उचलला, चूळ भरली, बाहेर जाऊन टाकली आणि आत येऊन म्हणाला, "त्याचीच. मग कुणाची?" तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचा हा स्वभाव त्याला आजवर सोयीचा वाटत आला होता, त्या दिवशी मात्र तिनं भांडायला हवं होतं.

आप्पासाहेबांनी दोनच दिवसांत त्याला बोलावून घेतलं, स्वतःची तसबीर काढायला म्हणून. म्हातारा ओसरीवर उन्हात बसला होता. मच्छिंद्रानं कागद मांडला, कोळशाची कांडी घेतली. "तोंड जरा वळवा, आप्पासाहेब." "वळवतो. ऐंशी वर्षं वळवतोच आहे," ते म्हणाले आणि मग त्याच सुरात, "मच्छिंद्रा, त्या चिन्यानं दिगंबराला कधी पाहिलंय का रे?" "नाही जी." "जानवं म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे?" "कसं असणार?" "मग तो चुकेल कसा? ज्याला काही ठाऊक नसतं तो दिलंय तसं काढतो. दिगंबराचा डाव्या गालावरचा तीळसुद्धा त्यानं उजवीकडे नेमका काढलाय. चुकायला माणूस शहाणा लागतो." आप्पासाहेब अंगणाकडे बघत होते. "ज्याच्या मार्फत काच मागवली त्या मुंबईच्या पारशाला दिगंबरनं पत्र लिहिलंय. ज्या हातानं हे काढलं तो हात आमच्या कामावर नको, दुकानातच नको, नाही तर एवढं मोठं काम दुसऱ्या दुकानाला जाईल, असं. पत्र परवा जातं. तोवर तुला काही सांगायचं असलं तर दिगंबर घरातच आहे. मी सांगायचा नाही. ज्याचं त्यानं सांगावं. हं, काढ. नाक मात्र आहे तेवढंच काढ, लहान करू नकोस."

परवाच्या सकाळी तो खरंच गेला. नदीवर अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेला. वाटेत वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. पंत कारकुनाशी बोलत होते, कारकुनाच्या पुढ्यात पत्राची थैली होती आणि तिच्यावर लाख अजून ओली होती. "काय रे?" पंतांनी विचारलं. मच्छिंद्राला त्या क्षणी दोन गोष्टी दिसल्या. एक संभाजीच्या मुलाचा गळा. आणि दुसरा तो पूल, सात मजल्यांचा मनोरा, छत्री घेतलेला माणूस. पहिली गोष्ट दिसली म्हणून आपण गप्प राहिलो, असं पुढे तो स्वतःला सांगत असे. पण दिसताना दुसरीच आधी दिसली होती, हे त्याला विसरता आलं नाही. "जाताना कुंचले किती न्यावे, ते विचारायला आलो होतो," तो म्हणाला. कारकून हसला. "अजून वर्ष आहे, चितारीबुवा," पंत म्हणाले. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!" थैली गेली.

मग ते चित्र नाहीसं करायचं काम निघालं. घरात ठेवायचं नाही, आणि देवापुढे बसलेल्या माणसाचं चित्र फोडायचं तरी कसं? शास्त्रीबुवांनी तोड काढली, रंग खरवडावा आणि काच देवघराच्या कपाटाला लावावी. खरवडायला दुसरं कोण? मच्छिंद्र तीन दिवस मागच्या पडवीत काच पालथी घालून बसला होता. आधी मागची भिंत गेली. मग मुकट्याचा रेशमी पिवळा निघाला, त्याच्याखाली चुण्यांच्या बारीक करड्या रेघा, एकेका चुणीला तीन तीन. हे त्यानं केलंय कसं, असं मनात आलं की हात थांबे. मग कातडीचा रंग आला, आणि तो एक रंग नव्हताच. गुलाबी, त्याखाली फिकट हळदी, त्याखाली जिथं समईचा उजेड पडायचा तिथं एक पातळसा थर, इतका पातळ की बोटानं पुसला गेला आणि गेल्यावर कळलं, पंतांच्या गालावरची ऊब त्यात होती. ज्यानं पंतांना पाहिलं नव्हतं त्यानं उजेड मात्र पाहिला होता. मच्छिंद्र पंचवीस वर्षं देवळांच्या भिंती रंगवत आला होता, देवांचे गाल रंगवत आला होता, आणि उजेड कधी त्याच्या हाताला लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी नुसते डोळे उरले. स्वच्छ काचेवर दोन डोळे, आणि शेवटी त्यातली बुबुळंही गेली तेव्हा दोन पांढरे ठिपके. त्या माणसानं कामाला बसल्यावर पहिल्यांदा टेकवलेला कुंचला तो. मच्छिंद्रानं ते ठिपके खरवडले आणि काच पाण्यानं धुतली. तो दिवसभर जेवला नाही. मुक्तानं कारण विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणाला.

पण तयारी चाललीच होती. माणसाचं मन बेशरम असतं, एका बाजूला जळत असलं तरी दुसऱ्या बाजूला शिदोरी बांधतं. बुधवार पेठेत त्या पारशाचा गुमास्ता होता, दीनानाथ शेणवी, तो तरुणपणी एकदा जहाजावर लिखापढीला म्हणून कँटनपर्यंत जाऊन आला होता. "हे पुण्यात बोलू नका हं," असं म्हणून तो प्रत्येकाला सांगत असे. मच्छिंद्र आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जाऊन बसू लागला. वाट अशी: खंडाळ्याचा घाट, पनवेल, तिथून मचव्यानं मुंबई, मग जहाज. आभाळ भरायच्या आत निघायचं, भाद्रपदाच्या सुमाराला पोचायचं, पौषात वारं फिरलं की परत. "शहर हजार वर्षांचं आहे म्हणतात. भोवती तट आहे," दीनानाथ म्हणाला. "आत काय आहे?" "मला काय ठाऊक? परक्या माणसाला तटाच्या आत सोडत नाहीत." मच्छिंद्राला हे ऐकून धक्का बसला. "म्हणजे तुम्ही शहर पाहिलंच नाही?" "तटाबाहेर नदीच्या काठानं परक्यांच्या कोठ्या आहेत, त्यांच्या मागे दोन-चार गल्ल्या. तेवढंच आपलं कँटन. मनोरा लांबून दिसतो." पेल्यावरचा तो पूल तटाच्या आत होता की बाहेर, हे दीनानाथला सांगता आलं नाही. नदीवर होड्याच होड्या असतात, माणसं होडीत जन्मतात आणि होडीतच मरतात, हे मात्र तो रंगवून सांगे. "आणि चितारी?" मच्छिंद्र विचारी, जणू मध्येच आठवलं म्हणून. "एका गल्लीत त्यांची दुकानं. एकजण झाडं काढतो, दुसरा कपडे, तिसरा नुसती मागची भिंत. चेहऱ्याला तिथं एक म्हातारा होता. माझ्या वेळेलाच म्हातारा, आता पिकला असेल. काच मांडीवर घेऊन बसायचा. कुणाशी बोलायचा नाही." "नाव काय त्याचं?" "नाव कोण विचारतं हो?"

त्या दिवसापासून याच्या बेताला चेहरा मिळाला आणि सगळा बेत बिघडला. आजवर त्यानं काय काय नेमलं होतं! खारीच्या केसांचे कुंचले चाळीस, सातूचं पीठ, मेतकूट, सुकवलेली आमसुलं, तुळशीची माळ, आपल्या रंगांच्या पुड्या तिथल्या रंगांशी ताडून बघायला. आरशाला पारा कसा देतात ते पाहायचं, पांढरा कशाचा करतात ते हुंगून यायचं. एक चिरलेली काच आणून तो सराव करायचा, डोळे आधी, गाल मागून, आणि प्रत्येक वेळी काच उलटली की समोरचा माणूस आजारी दिसायचा. आता बेत करायला बसलं की नदी येई, होड्या येत, गल्ली येई, आणि गल्लीच्या टोकाला तो म्हातारा मांडीवर काच घेऊन बसलेला. मच्छिंद्र त्याच्या शेजारी जाऊन बसे. बोली येत नाही, तेव्हा बोलायचा प्रश्न नाही, यावर तो बरेच दिवस निभावला. मग एकदा त्या म्हाताऱ्यानं उठून फळीवरून कागद काढला आणि याच्यापुढे उलगडला. याचाच खाका. याच्याच हातची रेघ, उजव्या खांद्यावरून खाली आलेली. म्हाताऱ्यानं बोट रेघेवर ठेवलं, मग याच्याकडे पाहिलं. एवढ्याला बोली लागणारच नव्हती. मच्छिंद्र शुक्रवार पेठेतल्या एका देवळात मारुतीला शेंदरी रंग देत होता, परातीतला रंग हातावर सांडून कोपरापर्यंत ओघळला तेव्हा तो भानावर आला.

मग त्यानं नवा बेत केला. गेल्या गेल्या तो खाका मागून घ्यायचा आणि नदीत सोडून द्यायचा. हा बेत महिनाभर टिकला. नंतर वाटलं, पाया पडावं. मग वाटलं, त्याला परत कामावर घ्यायला लावू, नाही तर दुसऱ्या दुकानात लावून देऊ, आपल्या शब्दाला तिथं काही वजन असल्यासारखं. मग वाटलं, पत्राचं कोण ऐकतंय एवढ्या लांब, म्हातारा आहे तिथंच असेल, उगीच जीव खातोय आपण. आळीतली माणसं थट्टा करीत. "आले बरं का चिनी चितारी!" "येताना आमच्यासाठी एक मनोरा आणा." संभाजी एवढा एक कधी हसला नाही. एकदा वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "त्या काचेची गोष्ट ऐकली. चिन्यानं बरा न्याय केला." आणि मान खाली घालून निघून गेला. मच्छिंद्राला त्याच्यामागे धावत जाऊन सांगावंसं वाटलं, की तो न्याय मी केला रे, मी. पण तेही खरं नव्हतं. न्याय करायची त्याची छाती असती तर त्यानं तो चीनवर ढकलला नसता.

फाल्गुनात, निघायला दोन महिने राहिले असताना, पंतांकडून निरोप आला. दिवाणखान्यात पुन्हा पेंढा पसरला होता, पुन्हा तीच माणसं जमली होती. दीनानाथ शेणवी पागोटं सावरत पत्र वाचून दाखवत होता. आधीच्या कारागिराला सरकारच्या इच्छेप्रमाणे दुकानातून काढून टाकलं आहे. वयस्क होता, काही बोलला नाही, सामान घेऊन गेला. कुठे गेला ते कळलं नाही. नव्या हाताकडून नवं चित्र करून पाठवलं आहे, खाका तोच वापरला, कागद तेवढा फिरवून घेतला. पसंत पडावं. "म्हणजे नुसता कागद फिरवायचा होता!" एकजण म्हणाला. "आणि त्या गाढवाला सुचलं नाही," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. पंत हसले नाहीत, कागद फिरवला हे शब्द त्यांनी दीनानाथकडून पुन्हा एकदा वाचून घेतले. मग म्हणाले, "चला, मच्छिंद्रा, तुझी फेरी वाचली. पत्रानं भागतंय तर माणूस कशाला?"

मच्छिंद्र चित्राकडे बघत होता. जानवं डाव्या खांद्यावर होतं. तीळ डाव्या गालावर होता. मुकटा पिवळा होता, नुसता पिवळा, चुणीला एकेक रेघ. समई जळत होती आणि तिचा उजेड कुठेच पडत नव्हता. गालावर गुलाबी रंग भरला होता, देवळाच्या भिंतीवर हा स्वतः भरतो तसा. डोळे उघडे होते, चमकही होती, पण तो माणूस कशाकडेही बघत नव्हता. वर्षभर ज्याच्याशी तो मनात बसला-उठला त्याचं त्या काचेवर काही उरलं नव्हतं, आणि जुनी काच यानं आपल्या हातांनी धुतली होती. आप्पासाहेब वाकून बघत होते. "जानवं आलं जागेवर," ते म्हणाले. "आता दिगंबर कुठं गेला?" पंत चिडले. "आप्पा, तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही. मच्छिंद्रा, तू सांग. तुला त्यातलं कळतं. कसं आहे?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आप्पासाहेबांनी चाळशी काढली आणि तेही बघायला लागले. आता लपवून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं, कँटन गेलं होतं. बोलला असता तर निदान एवढ्या माणसांसमोर, एकदा, त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं बोलल्यासारखं झालं असतं. पण ते बोलायचं म्हणजे आपण वर्षभर काय केलं तेही बोलायचं. "उत्तम आहे, सरकार," मच्छिंद्र म्हणाला. आप्पासाहेब काठी टेकत आत निघून गेले.

माणसं पांगल्यावर पंतांनी त्याला थांबवून घेतलं. गडी खिळे आणायला गेला होता. चौकट भिंतीशी धरायला मच्छिंद्र उभा राहिला, हात वर करून, तोंड काचेशी. मागून पंतांचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, जवळजवळ मायेचा. "अवतारांचे खाके उद्यापासून घे. आणि या खेपेला सुलटे काढ." मच्छिंद्राला वळता येईना, हातात चौकट होती. "मला कळत नाही असं समजू नकोस," पंत म्हणाले. "कागद फिरवून चित्र सुलटं झालं, म्हणजे उलटं आधी कुठं होतं, एवढं कळतं. पण चारचौघांत आता बोभाटा नको. राहू दे चूक चीनकडेच. तिथून कोण येतंय विचारायला?" गडी आला. त्यानं खिळा ठेवला आणि हातोडी उचलली. "घट्ट धर," पंत म्हणाले, आणि मच्छिंद्रानं चौकट घट्ट धरली.